भाड्याचे घर : खरेदीपूर्वीचा हिशेब

पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. तेव्हापासून आपल्या सभासद बंधूंच्या घरी, विशेषतः तरुण मंडळींत, तिकडे एखादी सदनिका घेऊन भाड्याने द्यावी असा विचार वारंवार बोलला जातो. विचार वाईट नाही. मात्र त्यापायी पेढीचे खेळते भांडवल अडकवावे काय, हा प्रश्न साऱ्या कुटुंबाच्या अन्नाचा आहे. म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

घराची किंमत लोकांच्या आशेवर चढते; भाडे मात्र भाडेकरूच्या मिळकतीवर ठरते. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी पोते उचलण्यापूर्वी गिऱ्हाईक पाहतो. तोच न्याय येथेही लावावा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सदनिका ५० लाखांची. पैकी १५ लाख पदरचे व ३५ लाख बँकेचे, व्याज शेकडा ९, मुदत १५ वर्षे. मासिक हप्ता सुमारे ३५,५०० रुपये, म्हणजे सालिना सुमारे ४ लाख २६ हजार. भाडे दरमहा १५ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ८० हजार. त्यातून एक महिना घर रिकामे राहील म्हणून १५ हजार, व घरपट्टी, देखभाल, दुरुस्ती यांचे २५ हजार वजा जाता हाती १ लाख ४० हजार उरतात. उरलेले २ लाख ८६ हजार दरवर्षी दुकानाच्या गल्ल्यातून जाणार! हे भाडे जेमतेम साडेअकरा लाखांच्या कर्जाचा हप्ता पेलते. बाकीची रक्कम शिलकेतून देता येत असेल तरच पाऊल टाकावे. भाव चढेलच, या भरवशावर कर्ज काढणे हा सट्टा होय.

भाडेकरू कोण, हे त्यानंतर पाहावे. डिचोलीचा धडा आपल्यासमोर आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणकाम थांबले. पुढे ते सुरू झाले, पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा बंद पडले. खाणीवर पोट असणाऱ्याची मिळकत थांबली की त्याचे भाडेही थांबते. म्हणून एकाच धंद्यावर जगणाऱ्या वस्तीपेक्षा जेथे बाजार, शाळा, सरकारी कचेऱ्या व कारखाने जवळ आहेत, तेथील घर अधिक भरवशाचे. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरील गावांत हंगामात भाडे भरघोस येते. पण पावसाळ्याचे महिने हिशेबात धरल्यावाचून वर्षाची सरासरी काढू नये. शिवाय पर्यटकांना खोल्या देणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यास १९८२ च्या कायद्यान्वये पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते.

शेवटी कागदपत्रे. एक-चौदाचा उतारा पाहावा. त्यात कुळाचे नाव आहे काय, जागेत मुंडकार आहे काय, हे तपासावे. त्यांना अनुक्रमे १९६४ व १९७५ च्या कायद्यांचे संरक्षण आहे. जमीन कोमुनिदादची तर नाही ना, बिगरशेतीची सनद आहे ना, हेही पाहावे. गोव्याच्या कौटुंबिक कायद्यानुसार विवाहितांची मिळकत सामान्यतः उभयतांची असते. म्हणून विकणाऱ्याच्या पत्नीची सही आवश्यक समजावी. वडिलार्जित घर असल्यास सर्व वारसांची संमती घ्यावी. भाडेकरार लेखीच करावा. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली भाडेकरूस सहजासहजी काढता येत नाही, हे ध्यानी ठेवून वकिलाच्या सल्ल्याने तो लिहावा.

हप्ता ठरलेल्या तारखेस येतो. भाडेकरू येईलच असे नाही. दोहोंमधील अंतर भरून काढण्याइतकी, निदान सहा हप्त्यांची, शिल्लक ज्याच्याजवळ आहे त्याने खुशाल घर घ्यावे. ज्याच्याजवळ नाही त्याने आधी ती साठवावी. तोवर पेढी शाबूत राहील, आणि घरे कोठे पळून जात नाहीत.