सभेचें सौजन्य कसें टिकतें?

चार माणसें एकत्र आलीं म्हणजे चार मतें व्हावयाचींच. त्यांत गैर कांहीं नाहीं. मतभेद नसता तर सभा भरविण्याचें कारणच उरलें नसतें. परंतु मतभेद असूनही सभासदांनीं परस्परांचे स्नेही राहावें हें कसें साधतें? पुष्कळांची अशी समजूत असते कीं, मंडळींचा स्वभाव चांगला असला म्हणजे झालें. आमचें मत थोडें निराळें आहे. चांगल्या स्वभावाचीं माणसेंही सभेंत भांडतात, आणि तापट माणसेंही नीट चाललेल्या सभेंत सभ्यपणें बोलतात. सौजन्य केवळ स्वभावावर सोंपवून चालत नाहीं. त्यास कांहीं व्यवस्था लागते. ती कोणती व तिचें कारण काय, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

अमेरिकेच्या सैन्यांत हेन्री मार्टिन रॉबर्ट नांवाचे एक इंजिनियर होते. सन १८६३ मध्यें न्यू बेडफर्ड या गांवीं चर्चमधील एका सभेचें अध्यक्षपद अकस्मात् त्यांच्या गळ्यांत पडलें. सभा कशी चालवावी याची त्यांस मुळींच माहिती नव्हती. लोक नीट वागतील असा ईश्वरावर भरंवसा ठेवून ते खुर्चीवर बसले. पण सभा हाताबाहेर गेली. (चर्चच्या छपराखालींही माणसें तीच असतात.) हा विषय शिकल्यावांचून पुन्हां सभेस जावयाचें नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला. पुढें १८६७ मध्यें त्यांची नेमणूक सॅन फ्रॅन्सिस्को येथें झाली. तेथें निरनिराळ्या प्रांतांतून आलेले लोक होते, आणि आपल्या गांवची रीत तीच खरी असें प्रत्येक जण समजे. त्यामुळें विषय बाजूस राहून रीतीवरच भांडणें होत. अखेर १८७६ मध्यें रॉबर्ट यांनीं सभानियमांचें एक लहानसें पुस्तक स्वतःच्या खर्चानें छापविलें. त्याच्या ४,००० प्रती कांहीं महिन्यांतच खपल्या. त्या ग्रंथाची बारावी आवृत्ति २०२० मध्यें निघाली आहे.

त्यांतील एक नियम ऐकावयास क्षुल्लक वाटतो. बोलणाऱ्यानें प्रतिपक्ष्याशीं बोलावयाचें नाहीं, अध्यक्षांशीं बोलावयाचें. ही चाल रॉबर्ट यांच्या पुष्कळ आधीची आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटांत सभासदाचें नांवही घेत नाहींत. अमुक मतदारसंघाचे सन्माननीय सभासद असें म्हणतात. आपल्या विधानसभेंत ‘अध्यक्ष महाराज’ हे शब्द वारंवार कानीं पडतात तेही याच रीतीमुळें. मराठींत या नियमाचा गुण चटकन् ध्यानांत येतो. समोरच्याकडे बोट करून ‘तूं खोटें बोलतोस’ असें म्हटलें म्हणजे पुढचें वाक्य काय येणार हें सांगावयास ज्योतिषी नको. तोच मनुष्य अध्यक्षांकडे तोंड करून बोलूं लागला, तर ‘तूं’ हें सर्वनामच त्यास वापरतां येत नाहीं. ‘अध्यक्ष महाराज, सन्माननीय सभासदांनीं दिलेला आकडा मला बरोबर वाटत नाहीं,’ असें त्यास म्हणावें लागतें. आक्षेप तोच राहिला, किंबहुना अधिक नेमका झाला. आणि ऐकणाऱ्यासही उत्तर द्यावयाचें तें अध्यक्षांसच द्यावें लागतें.

दुसरा नियम हेतूंविषयींचा. ठरावाची चिकित्सा कितीही कडक करावी, परंतु ठराव मांडणाऱ्याच्या मनांत काय आहे याविषयीं बोलूं नये. आपल्या लोकसभेच्या नियमावलींतही सभासदानें दुसऱ्या सभासदावर हेत्वारोप करूं नये असें स्पष्ट सांगितलें आहे. यांत केवळ सभ्यतेचा प्रश्न नाहीं. आकडा चुकला असेल तर वही उघडून दाखवितां येतो. दुसऱ्याच्या मनाची वही कोणापाशींच नसते. त्यामुळें अशा आरोपाचा निकाल लागत नाहीं. गृहरचना संस्थेच्या वार्षिक सभेंत ‘रंगकामाचा खर्च जास्त आहे’ हा प्रश्न हिशेब पाहून सुटतो. पण ‘चिटणीसांनीं कंत्राटदाराशीं संधान बांधलें आहे’ असें पुराव्यावांचून कोणी पुटपुटलें, कीं दोन कुटुंबें जिन्यांत एकमेकांस ओळख देत नाहींत. पुरावा असेल तर त्यानें तो लेखी आणावा व चौकशी मागावी. मग तो हेत्वारोप राहत नाहीं.

हा विचार परदेशांतूनच आला असें मात्र कोणी समजूं नये. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय तें कळावें म्हणून होते तो ‘वाद’. केवळ जिंकण्यासाठीं होतो तो ‘जल्प’. आणि आपला पक्ष कांहींच न मांडतां समोरच्याचें तेवढें खोडीत बसणें ती ‘वितंडा’. आपण ज्यास वितंडवाद म्हणतों तो शब्द येथलाच. शब्दाचा भलताच अर्थ करून बोलणाऱ्यास अडविणें यास त्या शास्त्रांत ‘छल’ म्हटलें आहे. त्याचें भाष्यांतील उदाहरण विद्यार्थ्यांस आवडेल. ‘हा मुलगा नवकंबल आहे’ असें कोणी म्हणतो. त्याच्या मनांत नवी कांबळी असते. प्रतिपक्षी विचारतो, ‘याच्याजवळ नऊ कांबळीं कोठें आहेत? एकच तर दिसते!’ श्रोते हंसतात, टाळी पडते, आणि मुलाविषयीं काय सांगावयाचें होतें तें तसेंच राहतें. आमच्या वादविवादांत टाळ्या मिळविणारीं अर्धीं उत्तरें याच जातीचीं असतात, हें आम्हांस खेदानें नमूद करावें लागतें.

ज्याची टर उडते त्याचेंच नुकसान होतें असेंही नाहीं. एका शाळेंत गांवांतील पाण्याच्या टंचाईवर मुलांची चर्चा चालली होती. खेड्यांतून येणारी एक मुलगी बोलावयास उठली. तिच्या पहिल्याच वाक्यांत ‘पाणी’ चें ‘पानी’ झालें, मागच्या बांकावर हंशा पिकला, आणि ती खालीं बसली. त्या वर्गांत रोज विहिरीवरून पाणी भरणारी ती एकटीच होती. उरलेला अर्धा तास इतर मुलें वर्तमानपत्रांत वाचलेलें एकमेकांस सांगत राहिलीं.

म्हणूनच आणखी एक नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. एकदां बोललेल्या सभासदानें, ज्यांस बोलावयाचें आहे अशा इतरांचें बोलणें होईपर्यंत त्याच विषयावर दुसऱ्यांदा उठूं नये. वाचाळ मुलांस तो जाचतो. पण संकोची मुलांस त्यामुळें जागा मिळते.

नियमांचा अतिरेक करणारेही भेटतात. प्रत्येक वाक्यास हरकतीचा मुद्दा काढणारा सभासद हा शिवी देणाऱ्याइतकाच त्रासदायक होय. रॉबर्ट यांच्या ग्रंथांतही सुमारें डझनभर माणसांच्या बैठकीस नियम सैल ठेविले आहेत. तेथें उभें राहून बोलावें लागत नाहीं व अध्यक्षही चर्चेंत भाग घेऊं शकतात. मोठ्या सभेंत मात्र अध्यक्षांनीं वादांत पडूं नये. पडावयाचेंच असेल तर तेवढ्यापुरती खुर्ची दुसऱ्यास द्यावी.

आणि कोणी मर्यादा सोडलीच, तर अध्यक्षांनीं प्रथम हलकेंच आठवण द्यावी. पुन्हां घडल्यास चूक स्पष्ट सांगून शब्द मागें घ्यावयास लावावें. तरीही न ऐकल्यास काय करावें हें सभेस विचारावें. लोकसभेंत अध्यक्षांस अनुचित शब्द कामकाजाच्या नोंदींतून काढून टाकण्याचाही अधिकार आहे. शाळेच्या मंडळांत अध्यक्षपद दर खेपेस निराळ्या विद्यार्थ्याकडे द्यावें असें आम्ही सुचवितों. आपल्याच जिवलग मित्रास ‘खालीं बसा’ असें सांगण्याची पाळी ज्याच्यावर एकदां आली, तो पुढल्या सभेंत स्वतः किती वेळ बोलतो तें पाहावें.