दिसणारे वेळापत्रक : स्वमग्न मुलांसाठी वर्गातली आणि घरातली साधने

परिपाठ संपतो, मुले वर्गात येतात आणि बाई सांगतात, "दप्तरं खाली ठेवा, गणिताच्या वह्या काढा, तारीख घाला आणि कालचं तिसरं उदाहरण पूर्ण करा." एका दमात चार सूचना झाल्या. बहुतेक मुले त्या पार पाडतात. कारण एखादी सूचना निसटली तरी ती शेजाऱ्याकडे पाहतात, बाईंच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतात. पण एखादा मुलगा दप्तर छातीशी धरून उभाच राहतो. पुन्हा सांगितले की कानांवर हात ठेवतो. आवाज चढला की किंचाळतो किंवा वर्गाबाहेर पळतो. शेरा ठरलेला असतो : हट्टी आहे, लाडावलेला आहे, आमच्या शाळेत जमणार नाही.

हा मुलगा स्वमग्न असू शकतो. आणि 'जमणार नाही' हा शेरा खरा ठरेल की खोटा, हे पुष्कळदा आपण त्याच्यापुढे कोणती साधने ठेवतो यावर अवलंबून असते. त्यांतली बरीचशी साधने पुठ्ठा, कात्री आणि चिकटपट्टी यांतून तयार होतात. ती का उपयोगी पडतात हे मात्र समजून घ्यायला हवे. नाहीतर तक्ता भिंतीवर लागतो आणि तिथेच राहतो.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा रोग नाही. मेंदूच्या वाढीची ती एक वेगळी रीत आहे. ती जन्मापासून असते आणि आयुष्यभर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. म्हणजे मध्यम आकाराच्या कोणत्याही शाळेत अशी दोन-चार मुले असणे अगदी स्वाभाविक आहे, मग त्यांची नोंद झालेली असो वा नसो.

निदान मुख्यतः दोन गोष्टींवरून होते. पहिली, इतरांशी होणाऱ्या देवाणघेवाणीतला वेगळेपणा : नजर, हावभाव, संभाषण, मैत्री. दुसरी, तोचतोचपणाची ओढ : ठरलेला क्रम, ठरावीक हालचाली, एखाद्याच विषयाचा ध्यास. आवाज, प्रकाश, स्पर्श यांची फार तीव्र किंवा फार मंद जाणीव हीही याच दुसऱ्या गटात येते. काही मुले अजिबात बोलत नाहीत, काही अस्खलित बोलतात. कोणाला बौद्धिक अडचणी असतात, कोणी गणितात वर्गाच्या पुढे असतो. म्हणूनच शास्त्रज्ञ याला वर्णपटाची उपमा देतात.

ही मुले शब्दाचा सरळ अर्थ घेतात. "तोंडाला कुलूप लाव" म्हटले तर एखादा खरोखरच कुलूप शोधू लागतो. पाणी हवे असले की "तुला पाणी हवं का?" असे म्हणणारी मुलेही आढळतात. पाणी मिळते तेव्हा हेच वाक्य कानी पडते, तेव्हा पाण्याचे वाक्य हेच, असा तो तर्क असतो. ही पोपटपंची नाही, मागणी आहे.

आईला दोष देण्याचा काळ

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनीही असेच वर्णन केले. त्यानंतरची सुमारे दोन दशके एक क्रूर समजूत बोकाळली : आईच्या थंडपणामुळे मूल स्वतःच्या कोशात जाते. या समजुतीवर उपचार म्हणून मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवण्यात आले.

या मताला १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी आव्हान दिले. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. वेगळ्या बीजांच्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. घर एकच, आई एकच, तरी हा फरक. अर्थात मूळ संगोपनात नसून मोठ्या प्रमाणात आनुवंशिकतेत आहे, ही गोष्ट पुढे झालेल्या मोठ्या अभ्यासांनी पक्की केली.

हा इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यायला हवा. पालकसभेत "घरी वळण लावा" असे आपण सहज बोलून जातो, तेव्हा त्या जुन्याच समजुतीची सावली आपल्या बोलण्यात असते.

चित्रांची पट्टी

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील एरिक शॉपलर यांनी पालकांना आरोपी न मानता सहकारी मानले. मोकळ्या सत्रांपेक्षा आखीव सत्रांत मुले अधिक लक्ष देतात, असे त्यांना १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. १९७२ साली त्या राज्याने त्यांची 'टीच' ही पद्धत राज्यभर राबवायला घेतली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : जे फक्त ऐकू येते ते दिसेल असे करा.

बोललेले वाक्य क्षणात विरते. ते पकडून मनात धरायचे, त्याचे तुकडे पाडायचे आणि क्रमाने अमलात आणायचे, हे काम अनेक स्वमग्न मुलांना जड जाते. चित्र मात्र जागेवर थांबते. मूल पुन्हा पुन्हा त्याकडे पाहू शकते. शिवाय 'पुढे काय होणार?' या अनिश्चिततेची भीती त्यामुळे कमी होते.

पट्टी अशी करावी. पुठ्ठ्याचे हाताच्या पंजाएवढे तुकडे कापा. प्रत्येकावर एका कामाचे साधे चित्र काढा किंवा छायाचित्र चिकटवा, आणि खाली मोठ्या अक्षरात एक शब्द लिहा : परिपाठ, मराठी, गणित, जेवण, खेळ, घर. हे तुकडे वरून खाली क्रमाने लावा. काम संपले की मुलाने स्वतः तो तुकडा काढून 'झाले' असे लिहिलेल्या डब्यात टाकायचा. ही शेवटची कृती सर्वांत महत्त्वाची आहे. काम संपल्याची खूण तिच्यामुळे हाताला कळते.

सुरुवातीला सहा तुकडे जास्त होत असतील तर दोनच ठेवावेत : 'आता' आणि 'नंतर'. आता लेखन, नंतर झोका. आणि बदल होणार असेल, म्हणजे खेळाचा तास रद्द झाला किंवा बाई रजेवर असल्या, तर तेही पट्टीवर आधी दाखवावे. त्यासाठी एक वेगळे 'बदल' कार्ड ठेवावे आणि अधूनमधून ते आनंदाच्या बदलासाठीही वापरावे. नाहीतर ते कार्ड म्हणजे संकट, असा अर्थ पक्का होतो.

सूचनाही त्याच रीतीने द्याव्यात. एका वेळी एक, थोड्या शब्दांत आणि 'करू नको' ऐवजी 'काय कर' असे सांगून. "पळू नकोस" यापेक्षा "चालत ये". सूचना दिल्यावर मनात पाच-सहा अंक मोजून थांबावे. त्याआधीच ती वेगळ्या शब्दांत सांगितली तर मुलाला ती नवी सूचना वाटते. आणि "माझ्या डोळ्यांत बघ" असा आग्रह धरू नये. नजर दुसरीकडे ठेवूनच ऐकणे काही मुलांना सोपे जाते.

न बोलणाऱ्या मुलाचे मागणे

बोलता न येणाऱ्या मुलाला हवे ते मिळत नाही तेव्हा ते ओढते, चावते, रडते. त्याला दुसरी भाषा दिलेलीच नसते. १९८५ साली अमेरिकेतील डेलावेअर येथे अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत तयार केली. तिच्या पहिल्या पायरीला दोन मोठी माणसे लागतात. मुलाला आवडणारी वस्तू, समजा केळे, एकाच्या हातात असते. दुसरा मुलाच्या मागे बसतो आणि केळ्याचे चित्र उचलून समोरच्याच्या हातात द्यायला न बोलता मदत करतो. चित्र हाती आले की लगेच केळे मिळते. हळूहळू मागची मदत काढून घेतात. निरोप दुसऱ्याच्या हाती पोचवावा लागतो, हे मूल यातून शिकते.

चित्रे दिली तर मूल बोलायचेच थांबेल, अशी भीती अनेक पालकांना वाटते. आतापर्यंतच्या अभ्यासांत असे आढळलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे त्याने थोडेफार वाढले. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवताच शब्द उच्चारणारे साधन विकसित झाले आहे. ते मराठीतही आहे आणि मोफत मिळते.

आवाज, वास, स्पर्श

घंटेचा ठणठणाट, पत्र्यावरचा पाऊस, गणवेशाच्या कॉलरमागचे लेबल, खिचडीचा वास, शाळेच्या दारातले फटाके. आपण याकडे दुर्लक्ष करू शकतो. ज्याची जाणीव तीव्र आहे त्याला ते शक्य होत नाही. उपाय साधे आहेत. लेबल कापून टाकावे. बाक दारापासून आणि घंटेपासून दूर ठेवावा. स्नेहसंमेलनात कानांवर लावायचे आवाजरोधक साधन द्यावे. वर्गाच्या कोपऱ्यात चटई टाकून शांत जागा करावी. ही जागा शिक्षेची नव्हे, हे सगळ्या वर्गाला माहीत असावे. हात फडफडवणे किंवा झुलणे कोणाला इजा करत नसेल तर थांबवू नये. मुलाला त्याने स्वस्थता मिळते.

किंचाळणे किंवा मारणे होत असेल, तर एका वहीत तीन रकाने आखावेत : आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. दोन आठवड्यांच्या नोंदींतून बहुधा काही सूत्र दिसू लागते. कदाचित सगळे प्रसंग मधल्या सुट्टीनंतरचेच निघतील. मग उपाय मुलावर नाही, मधल्या सुट्टीवर करावा लागेल. हीच वही रोज घरी जावी आणि घरच्या नोंदींसह परत यावी. शाळेत पट्टी आणि घरी आरडाओरडा, किंवा याच्या उलट, असे असले तर मूल दोन जगांत भरडले जाते. आंघोळ, कपडे, नाश्ता, रिक्षा अशी चार चित्रे घरच्या भिंतीवर लावायला खर्च येत नाही.

वर्गातल्या इतर मुलांनाही यात घ्यावे. स्वमग्न माणसांना इतरांची मने कळत नाहीत, असे पूर्वी एकतर्फी म्हटले जाई. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले संशोधक. ही अडचण दुहेरी आहे, असे त्यांनी २०१२ साली मांडले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कानगोष्टींसारखी एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगितली गेली. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत मात्र ती अधिक लवकर झिजली. तेव्हा शिकणे दोन्ही बाजूंना आहे.

कशावर विश्वास ठेवू नये

हताश पालकांभोवती चमत्कारांचे दुकान लवकर थाटले जाते. १९९० च्या सुमारास, मदतनिसाने हात धरला की न बोलणारी मुले टंकलेखन करून मोठमोठी वाक्ये लिहितात, असा दावा गाजला. मग एक साधी कसोटी घेतली गेली. मुलाला एक चित्र दाखवले आणि मदतनिसाला नकळत दुसरेच. कागदावर उमटले ते मदतनिसाने पाहिलेले चित्र. मदतनीस फसवत नव्हते. आपण नकळत हात नेतो आहोत, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

गोवराच्या लसीमुळे स्वमग्नता येते, ही अफवा १९९८ साली 'लॅन्सेट' नियतकालिकातील बारा मुलांवरच्या निबंधातून पसरली. तो निबंध २०१० साली मागे घेण्यात आला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात ६,५७,४६१ मुलांची माहिती तपासली गेली आणि लसीचा असा कोणताही संबंध आढळला नाही. लस चुकवलेल्या मुलाला गोवराचा धोका मात्र खराखुरा असतो. म्हणून 'पूर्ण बरे करतो' असे सांगणाऱ्या कोणालाही एकच प्रश्न विचारावा : हे कोणी, कितीजणांवर आणि कशाशी तुलना करून तपासले?

कोठे जावे?

निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. पण नोंद करून पालकांशी शांतपणे बोलणे हे त्याचेच काम आहे. बालरोगतज्ज्ञ किंवा जिल्हा पातळीवरील शासकीय शीघ्र हस्तक्षेप केंद्र येथे तपासणीची सुरुवात करता येते. भारतीय मुलांसाठी तयार केलेली चाळीस प्रश्नांची मापनश्रेणी प्रमाणपत्रासाठी वापरली जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रात ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत लेखनिक, जादा वेळ अशा सवलती मिळतात. त्यांची चौकशी दहावीच्या तोंडावर न करता आधीच करावी. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकाची भेट गटसाधन केंद्रातून मागता येते.

मात्र प्रमाणपत्र येईपर्यंत पट्टी थांबवून ठेवण्याचे कारण नाही. तिने कोणत्याही मुलाचे नुकसान होत नाही. पहिलीच्या साऱ्या वर्गालाच ती उपयोगी पडते. दिवसातला सर्वांत अवघड असा एकच बदल निवडा, समजा मधल्या सुट्टीतून वर्गात येणे. त्याची दोन कार्डे करा. आधीचा एक आठवडा आणि नंतरचे दोन आठवडे अवघड प्रसंगांची रोज रेघा मारून मोजणी ठेवा. रेघा कमी झाल्या तर तिसरे कार्ड जोडा. कमी झाल्या नाहीत तर चित्र बदला, जागा बदला, क्रम बदला आणि पुन्हा मोजा.