हिब्रू, पण सगळं हिब्रू नव्हे

ज्यूंचा धर्मग्रंथ 'तनाख' मुख्यतः हिब्रूत आहे, पण मधूनमधून अरामी भाषाही डोकावते. दानिएलच्या ग्रंथात तर गंमतच आहे. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत बाबेलचे खाल्डी पंडित राजाशी बोलू लागतात आणि ओवीच्या मध्यातच भाषा बदलते. ती सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत अरामीच राहते. ही नकलनविसाची चूक म्हणावी, तर कुमरानच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन गुंडाळीतही बदल नेमका तिथेच आहे. कारणाबद्दल अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

एज्राच्या ग्रंथातली अरामी मात्र सहज उलगडते. तिथे इराणी सम्राटांशी झालेला सरकारी पत्रव्यवहार दिला आहे आणि त्या साम्राज्याचं दफ्तर अरामीतच चाले. यिर्मयाच्या ग्रंथात एकच ओवी अरामी आहे (१०:११). आज ज्या चौकोनी अक्षरांना आपण हिब्रू लिपी म्हणतो, तीही मूळची अरामी वळणाचीच!

इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियाच्या ज्यूंनी ग्रंथांची ग्रीक भाषांतरं केली. अशाच भाषांतरांत बेन सिरा या ज्यू लेखकाचा ग्रंथही होता, पण तो तनाखमध्ये नाही. तो मुख्यतः ग्रीकमधूनच जगाला ठाऊक होता. १८९६ साली केंब्रिजमध्ये अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी एक जीर्ण पान ओळखलं, ते याच ग्रंथाच्या हिब्रू पाठाचं निघालं. पुढे कैरोच्या सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांत आणखी पानं मिळाली आणि १९६४ मध्ये मसादाच्या किल्ल्यावर त्याहून कितीतरी जुने तुकडे.