कड्यावरची माकुडी, रानातला नरक्या

संकटग्रस्त वनस्पतींचा विषय निघाला की सह्याद्रीतली ही दोन नावं येतातच. दोघांचं कूळ वेगळं, दुखणंही वेगळं.

शिंदळ माकुडी शोधायची ती पावसाळा सरता सरता. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगडाच्या कड्यांवर दुर्बीण लावून एकेक कपार बघत जायचं. आधी निवडुंग दिसतो, मग त्याच्या आडोशाला लोंबणारं मांसल खोड. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, पाच टोकांचं, गर्द तांबूस. त्यावर पिवळे ठिपके आणि कडेला बारीक लव. परागीभवनाचं काम माश्यांकडे. पुढे पानं झडतात, नुसतं खोड उरतं आणि समोर असूनही ती ओळखू येत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६०च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. मुळातच ती मोजक्या कड्यांवर. त्यात दरड कोसळली, वणवा लागला, शेळी पोचली की एखादी जागा कायमची संपते.

नरक्या मात्र पार श्रीलंका, तैवानपर्यंत पसरलेला. फुलं बारीक, मळकट पांढरी, आणि वास असा की नाकाला पदर लावावा. हे झाड मोजायला गेलं की नजर खाली ठेवावी लागते, कारण तोडलेले बुंधेच जास्त भेटतात. काहींच्या सालीतून करंगळीएवढे फुटवे आलेले. मूळही उपटून नेलं असेल तर नुसता खड्डा. १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन वेगळं केलं गेलं, १९७२ साली तेच नरक्यात सापडलं. त्यापासून कर्करोगावरची औषधं झाली आणि इकडे लाकडाच्या ढलप्या किलोच्या भावाने जाऊ लागल्या. औषधाला नाव ठेवण्यात अर्थ नाही. लावणी न करता तोड चालू ठेवली, राग त्याचा.

माकुडीची फांदी खोचली तर कुंडीतही जगते. हौशी लोकांना तेवढ्यावर ती वाचली असं वाटतं. पण एकाच रोपाच्या शंभर फांद्या म्हणजे शंभर वेळा तेच रोप; बियांमधून येणारा वेगळेपणा त्यांत नाही. नरक्यात काही झाडं नर, काही मादी. आसपासची सगळी तोडून एकच मादी राखली तर तिला फळ कुठून धरणार? फुटव्याला फुलायला वर्षं लागतात, आणि कोयता बहुधा त्याआधीच येतो.