साडेचार फुटांतलं रॉक गार्डन

'रॉक गार्डन' म्हटलं की आपल्याला चंदीगड आठवतं. नेकचंद नावाच्या एका रोड इन्स्पेक्टरने १९५७ च्या सुमारास फुटक्या बांगड्या, टाइल्सचे तुकडे आणि गोळा केलेले दगड यांतून ते गुपचूप उभं करायला घेतलं. १९७६ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. पण त्यांच्याकडे जागा भरपूर होती. आमच्या वाशीमच्या घरासमोर जागा किती? लांबी २२ फूट आणि रुंदी फक्त साडेचार फूट! एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपाउंड. बाबा तिथे सरसकट टाइल्स बसवणार होते. फर्स्ट इयरच्या सुट्टीत मी हट्ट धरला, की एकदा मला करून बघू द्या.

दगड आणायला लांब जावं लागलं नाही. आमच्या वावराच्या धुऱ्यावर त्यांचे ढीगच आहेत. मी ते ट्रॉलीत भरून आणले तेव्हा आजी ओट्यावरून म्हणाली, "वावरातले गोटे येचू येचू माहे हात झिजले, अन् हे पोट्टी तेच घरी आनते!" मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'डबर' हा शब्दसुद्धा मला तिनेच शिकवला. मी आपली हसून कामाला लागले.

पहिल्या वर्षी मी सगळं चुकीचं केलं. दिसायला छान म्हणून दगड घराच्या भिंतीला लागून, थेट काळ्या मातीवर मांडले आणि त्यात झाडं लावली. पावसाळ्यात माती फुगली, दगड कलंडले, पाणी भिंतीपाशीच मुरत राहिलं. दिवाळीला घरी गेले तर जोत्याच्या प्लास्टरला तडा! बाबा एवढंच म्हणाले, "सिव्हिलला शिकतेस ना?"

याचं कारण पुढे सॉइल मेकॅनिक्सच्या तासाला नीट कळलं. आपल्या काळ्या मातीत मोंटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्या याच्यामुळेच. म्हणजे भिंतीलगत बाग करून रोज पाणी घालणं म्हणजे घराचा पाया वर्षभर हलवत ठेवणं!

दुसऱ्या उन्हाळ्यात मी सगळं उपसलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी जे केलं ते असं :

पहिली गोष्ट म्हणजे जागेची वाटणी. घराकडच्या अडीच फुटांत फरशीची पायवाट आणि कंपाउंडकडच्या दोन फुटांत बाग. पायवाटेला घरापासून बाहेरच्या बाजूला ५० ला १ असा उतार, म्हणजे अडीच फुटांत साधारण अर्धा इंच. बागेच्या टोकाला जास्तीचं पाणी बाहेर जायला एक पाइप.

दुसरं, खालचा थर. बागेच्या पट्ट्यातली काळी माती दीड फूट खोल काढली. तळाला चार इंच गिट्टी, त्यावर जाड रेती आणि वर मुरूम, थोडी माती व शेणखत यांचं मिश्रण. यातून पाणी साचत नाही आणि दगडही हलत नाहीत.

तिसरं, दगडांची मांडणी. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. एक घनफूट दगड जवळपास ८० किलो भरतो, तेव्हा एकट्याने उचलायची हिरोगिरी नको, पहार आणि दोन माणसं हवीत. प्रत्येक दगडाची रुंद बाजू खाली ठेवून त्याचा तिसरा हिस्सा जमिनीत पुरायचा. नुसता वर ठेवला तर तो ट्रकमधून पडल्यासारखा दिसतो, पुरला की तिथलाच वाटतो. अरुंद जागेत लहान दगडांची रांग लावू नये. दोन-तीन मोठे दगड, तेही मधोमध नाही तर एका बाजूला, आणि त्यांच्या आधाराने लहान. ज्या दगडांत पांढरे ठिपके आहेत ते पुढे ठेवा. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर खनिजं भरून ते ठिपके झालेत.

झाडांचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि दगड रात्रीपर्यंत तापलेले राहतात. त्यामुळे नाजूक झाडं नकोत. कोरफड, पानफुटी, सदाफुली, चिनी गुलाब ही तग धरतात. पाणी संध्याकाळी द्यायचं. आणि नदीतून गोटे उचलून आणू नका. ते गौण खनिज आहे, परवानगी लागते. धुऱ्यावरचे किंवा विहीर खोदताना निघालेले दगड मालकाला विचारून घ्या.

काम संपत आलं तेव्हा एका कोपऱ्यात खड्डा राहिला होता. आजीने मागच्या दारात पालथं पडलेलं तिचं दगडी उखळ दाखवलं. मिक्सर आल्यापासून कोणी हात न लावलेलं. ते तिथे पुरलं आणि पाण्याने भरलं. आता चिमण्या आणि साळुंक्या येतात. (पाणी मात्र रोज बदलायचं, नाहीतर डासांची सोय!)

तड्याचं काय झालं? त्याच्या टोकाला मी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली होती. या दिवाळीत पाहिलं तर तडा रेघेच्या पुढे गेलेला नाही. अजून दोन पावसाळे बघणार आहे. बाबांनी टाइल्सचा विषय तोपर्यंत बाजूला ठेवलाय. आजी मात्र संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "हे सारे माह्या वावरातले गोटे हायेत. यायचं बी नशीब निंघालं!"

आपल्या हॉस्टेलच्या भिंतीपासून पार्किंगपर्यंतही अशीच एक पट्टी आहे, जिथे सध्या फक्त गुटख्याच्या पुड्या उगवतात. पहार मी आणते. दगड उचलायला कोण कोण येतंय?