घरच्या घरी छताचा पंखा कसा बसवाल?



उन्हाळ्याची कामे उरकली की बाजारातून नवा पंखा घरी येतो. वायरमन दोन दिवस भेटत नाही. मग घरातलं कुणीतरी पक्कड घेऊन वर चढतं. मोटारीच्या पंपाचे नटबोल्ट खोलणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही. पण पंखा डोक्यावर फिरतो आणि विजेवर चालतो, म्हणून ते बेतानेच केले पाहिजे.

कोणते काम आपले? छतात हूक आहे, तारा आल्या आहेत, तेथे जुन्या जागी पंखा बसवणे आपण करू शकतो. नवी वायर ओढणे हे परवानाधारक वायरमनचेच काम. विजेचे नियमही हेच सांगतात.

१) आधी वीज तोडा. “लाइट गेलीय, तेवढ्यात लावून टाकू” हा विचार सर्वांत घातक. भारनियमनातली वीज सांगून परत येत नाही. मेन स्विच पाडावा, फ्यूज काढून खिशात ठेवावा. इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा. मेन बंद असला तरी त्याची वीज तारेत येते. नुसत्या बटणावर विसंबू नये. बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असेल, तर पंखा थांबतो पण वीज राहते. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये तपासून घ्यावा. मग मेन पाडून, पंख्याचे बटण चालू ठेवून, छतातल्या दोन्ही तारांना लावून पाहावा.

२) हूक तपासा. स्लॅबमधला हूक गंजलेला नसावा. युरियाची ४५ किलोची गोणी त्याला थोडा वेळ टांगून पाहावी, खाली कुणी उभे राहू नये. लाकडी तुळईला आरपार नटबोल्ट घ्यावा, खिळा ठोकू नये. पत्र्याच्या घरात पत्र्याला किंवा बारीक वाशाला पंखा टांगू नये.

३) उंची मोजा. जमिनीपासून पाती किमान ८ फूट आणि छतापासून सुमारे १ फूट हवीत. हे जमत नसेल तर भिंतीचा पंखा घ्यावा. बुटक्या घरात हात वर केला की पाते लागते.

४) जोडणी खालीच करा. दांड्यात आधी कप ओवावा, वायर आतून काढावी, मग दांडा मोटारीला बसवावा. बोल्ट आवळला की त्यात कॉटर पिन घालून टोके फाकवावीत. बैलगाडीच्या आसाला जशी खीळ, तशी पंख्याला ही पिन. ती नसेल तर हादऱ्याने नट हळूहळू सुटतो आणि एक दिवस पंखा खाली येतो. वरच्या बोल्टालाही रबरी बुश व पिन हवीच.

५) टांगा आणि तारा जोडा. कोरडी लाकडी शिडी घ्यावी, खाली एकाने धरावी. बाजेवर स्टूल ठेवून चढू नये. फेज व न्यूट्रल कनेक्टरमध्ये पक्के आवळावेत, हिरवी अर्थिंगची तार अवश्य जोडावी. जुना पंखा उतरवताना कंडेन्सरच्या उघड्या तारांना हात लावू नये, त्यात वीज साठून राहते.

६) पाती शेवटी लावा. एकाच पेटीतली तीन पाती वापरावीत, दुसऱ्या पंख्याची मिसळू नयेत. सर्व स्क्रू सारखे आवळावेत. पंखा डुलत असेल तर बंद करून स्क्रू आणि पाती पुन्हा पाहावीत.

घरात ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घेतला तर गळती होताच वीज आपोआप तुटते. तो वायरमनकडूनच बसवावा.

वर्षातून एकदा, पंखा पुसायला चढाल तेव्हा, मेन पाडून दोन्ही पिना आणि बोल्ट पाहावेत. दोन मिनिटांचे काम आहे. त्या पंख्याखालीच आपली लेकरं निजतात.