उधाणाचा चाँद

रमजानचा चाँद दिसतो तो अमावास्या सरल्यावर एक-दोन दिवसांनी. त्या संध्याकाळी पुण्यात लोक गच्चीवर चढतात आणि कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राला उधाण असते. सातव्या-आठव्या रोज्यापर्यंत पाण्याचा जोर ओसरतो, त्याला मच्छीमार ‘भांग’ म्हणतात. चौदाव्या-पंधराव्या चाँदला पुन्हा उधाण. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातला दाल्दी मुसलमान असो की वरळीचा कोळी, तिथी दोघांनाही ठाऊक असावीच लागते. एकाचे रोजे आणि दुसऱ्याची नारळी पौर्णिमा एकाच चंद्रावर चालतात.

मुंबईच्या हाजी अली दर्ग्याची वाटही हाच चंद्र उघडतो आणि मिटतो. मोठ्या भरतीत ती पाण्याखाली जाते, जियारतीला आलेल्याने ओहोटीची वाट पाहायची. पीर हाजी अली शाह बुखारी यांची शवपेटी लाटांवर तरंगत इथे लागली, अशी श्रद्धा आहे. बांद्र्याच्या मोतमाउलीची मूर्तीही एका कोळ्याला समुद्रातच सापडली, असे सांगतात. समुद्र माणसे नेतो. त्याने परत आणून दिलेल्याला किनारा देवत्व देतो, मग धर्म कोणता का असेना. हे पुणेकरांना दूरचे वाटत असेल, तर चैत्रात कार्ल्याच्या पायऱ्या पाहाव्यात. समुद्र सोडून कोळी डोंगरावरच्या एकवीरेला येतात, तेही बौद्ध लेण्याच्या दारात!

कुराणातल्या सूरह कहफमध्ये एक नाव आहे, समुद्रावर पोट भरणाऱ्या गरिबांची. परंपरा ज्यांना ख्वाजा खिज्र म्हणते ते त्या नावेला भोक पाडतात. हजरत मूसा चकित होतात. कारण नंतर कळते: पुढे एक राजा धडधाकट नावा बळकावत होता, सदोष नाव तेवढी मालकाकडे राहणार होती.

गरिबाच्या नावेची काळजी जुन्या काळापुरती नाही. हाजी अलीच्या शेजारून सागरी किनारा मार्ग झाला, तेव्हा पुढे वरळीत पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरले होते. वाऱ्या-लाटांत एवढ्या फटीतून होडी सुखरूप निघणार नाही, असे कोळ्यांचे म्हणणे. त्यांनी ते काम अडवून धरले. अखेर २०२२च्या डिसेंबरमध्ये अंतर १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. मागणी १६० मीटरची होती.